देवीला घाम

कळशीभर पाणी मी देवीच्या डोक्यावर ओतलं आणि आप्पा समोर उकिडवे बसले. घडवलेली मूर्ती गावाच्या हवाली करण्याआधी ते नेहमी असंच करतात. दगड वाळत जातो. कुठं भेग असली तर तिथली ओल मागं राहते.

ऊन चढलं. कपाळ वाळलं, गाल वाळले, हात वाळले. गळ्यावर मात्र एक ओली रेघ राहिली, कानाखालून पार खांद्यापर्यंत.

"गारेची शीर असंल," मी म्हणाले. काळ्या पाषाणात गारगोटीची अशी शीर सापडतेच, तिनं दगड दुबळा होत नाही.

"गार पांढरी दिसती. ही काळी पडलीय." आप्पांनी रेघेवरून बोट फिरवलं.

तेवढ्यात ढोल वाजवत गावकरी ट्रॅक्टर घेऊन आले. सरपंचबाईंनी ती रेघ पाहिली आणि हात जोडले. "अगं बया, देवीला घाम फुटला! जागृत हाय!"

लोक पाया पडू लागले. कुणी मूर्तीच्या गळ्यात दोर अडकवला. ट्रॉलीत चढवताना खालून हात लावायला बाया पुढं झाल्या. एकीच्या कडेवर लेकरू होतं.

"घाम न्हाई, भेग हाय! मान सुटंल!" आप्पा ओरडले. ढोलापुढं कोण ऐकतंय?

दोर ताणला जायच्या आत आप्पांनी छिन्नी त्या ओल्या रेघेवर टेकवली आणि डोळे मिटून हातोडा घातला.

देवीचं डोकं मातीत पडलं. ढोल एकदम थांबला. मग ऐकू आलं, आप्पा तिची माफी मागत होते.