बर्फातही तीच टिकटिक

किरणोत्सारी खनिजाचा खडा बर्फात ठेवला, तरी मोजणीयंत्राची टिकटिक बदलत नाही. भट्टीत तापवला, तरी तीच. थंडी असो वा उष्णता, तो कशालाच भीक घालत नाही; वर्षानुवर्षं मी हेच शिकवत आले आहे.

फक्त माझा नवरा प्रयोगशाळेत आला की टिकटिक मंदावते.

आधी मी यंत्र बदललं, मग खडा. इतर कोणी आलं तर काहीच होत नाही. एका मोठ्या अपघातातून नवरा सुखरूप परतला, तेव्हापासून हे चालू आहे. वेगळं राहावं, असंही तेव्हापासूनच मनात आहे. पण कारण काय सांगणार?

आज तो मला न्यायला आला, आणि टिकटिक रेंगाळली.

"मला बघून तुझ्या यंत्राची बोबडी वळते गं," तो हसला.

"जरा लांब उभा राहा."

"बायकोपासून लांब? बरी आहेस ना?" म्हणत त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

टिकटिक थांबली. त्याचा हात उबदार होता, अगदी पूर्वीसारखा.

"चल, घरी जाऊ."

"मी येणार नाही," मी म्हणाले. "आजपासून मी आईकडे राहणार आहे."