माहेरचा चिखल

बरणीतला चिखल तिने चाळणीवर ओतला, हलक्या धारेने धुतला आणि डोळे फाडफाडून पाहिलं. एकही किडा हलेना.

तांदळाच्या दाण्याएवढे हे पाण्यातले किडे प्रयोगशाळेत जावयासारखे राहायचे. वेळेवर खाणं, बुडबुड्यांची हवा, पाणी जरा कोमट झालं की सगळ्यांची पळापळ. बदल्यात काम एकच: नदीच्या चिखलात राहून दाखवायचं. जगले तर चिखल बरा, मेले तर विषारी. कारखान्याखालच्या चिखलात ते मेलेच होते. त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण हे मेले होते तुलनेसाठी ठेवलेल्या स्वच्छ चिखलात. आणि तो चिखल तिच्या माहेरचा.

कारखान्याच्या पार वरच्या अंगाला, घराच्या मागेच नदी. तिथून तिचा दादा बादली भरून पाठवायचा. आमच्या चिखलात किडे म्हातारे होऊन नातवंडं खेळवतात, अशी तिची बढाई असायची.

साहेबांनी मानही वर न करता सांगितलं, तुलनेचे किडे मेले की चाचणी बाद. बरणीला साबण राहिला असणार, धुऊन पुन्हा लावा. तिने बरण्या अशा घासल्या की काच झिजायचीच बाकी राहिली. किडे पुन्हा मेले.

"मग चिखल दुसरीकडून मागवा," साहेब म्हणाले. "विषय संपला."

तिचा संपेना. ती बसली, उठली, कोरडी चाळणी पुसली, बंद नळ पुन्हा पिळला. आई, दादा, वहिनी, भाची, सगळी त्याच नदीवर. शेवटी तिने फोन लावला.

दादा जेवत होता. भरल्या तोंडाने असा सुरू झाला, की तिला बोलायला फट मिळेना. हल्ली म्हणे गळ टाकावाच लागत नाही. मासे आपणहून काठाशी येऊन पडतात, भाची परकराच्या ओच्यात भरून आणते. आई तर म्हणते, नदी प्रसन्न झालीय.

"तुलाही पाठवतो, चिमे. चिखलाच्या बादलीबरोबरच."

"दादा, तोंडातला घास थुंक."

नीट बोलता यावं म्हणून त्याने आधी घास गिळला. मग विचारलं, "काय म्हणालीस?"