फणसाखालचा आंबट चहा

लग्नाच्या सकाळी रडायचं सोडून नवरी फणसाखाली कुदळ मारत होती. यूपेंग पहिल्यापासूनच हट्टी. तिच्या आईने मरायच्या आधी उकडलेला चहाचा पाला बांबूच्या नळीत ठासून इथे पुरला होता आणि म्हणाली होती, "तुझ्या लग्नात काढ." बुलांग लोकांच्या या डोंगरावर आंबट चहा असाच मातीत मुरतो, आणि लग्नात पाहुण्यांच्या तोंडात पहिली चिमूट नवरीच्या आईच्या हातची पडावी लागते. नाहीतर सासरचे जन्मभर टोमणे मारतात.

"अगं, किती पावसाळे झाले!" बाप म्हणाला. "नळी वाळवीने कधीच फस्त केली असेल. त्यातून तिथली माती दरवर्षी डुकरं उकरतात, मावशीच सांगते ना? तिने तिच्या दोन नळ्या काढून ठेवल्यात. त्याच वाढू."

"मला माझ्या आईचाच चहा हवाय. तिचा नको."

मावशी म्हणजे यूखान, बापाची दुसरी बायको. बिचारीने या पोरीच्या वेण्या घातल्या, तापात उशाशी बसून राहिली, लग्नाचं लुगडंही स्वतः विणलं. पण पोर 'मावशी'च्या पुढे कधी सरकली नाही. आताही यूखान जिन्याच्या खांबाला टेकून उभी होती.

वर चुलीभोवती पाहुणे ताटकळले होते. नवऱ्याची आजी खिडकीतून ओरडली, "काय गं, चहा काढतेस का विहीर खणतेस?" सगळे हसले. खड्ड्यात नुसती मातीच होती. यूपेंगचे डोळे भरून आले.

तेवढ्यात कुदळ टणकन लागली. नळी अख्खी होती!

ती धावतच वर गेली आणि चुलीपाशी बसून नळीच्या तोंडाची दोरी सोडायला लागली. गाठ काही सुटेना. उलटी बसली होती, डाव्या हाताची. सकाळी मावशीने कमरेचा पट्टा बांधून दिला, तेव्हाही गाठ अशीच बसली होती. यूपेंगने बोटाने माती पुसली. खालचा बांबू अजून हिरवट होता, गेल्या वर्षीचा.

माती उकरणारी डुकरं कसली! आईची नळी वाळवीने खाल्ली, तेव्हापासून मावशीच गुपचूप दरवर्षी नवी नळी पुरत आली होती.

यूपेंगने वर पाहिलं. दारात यूखानचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता पोर चारचौघांत काय बोलते, म्हणून तिने पदर मुठीत आवळला होता.

यूपेंगने दोरी कापली, गाठ मुकाट्याने कनवटीला लावली आणि पाला आजीपुढे धरला. आजीने चिमूट चघळली, डोळे मिटले. "वा! असा हात आता कुणाला नाही. जरा मीठ असतं तर!"

"आई, मीठ आण ना," यूपेंग म्हणाली.

यूखानने आधी मागे वळून पाहिलं, हाक कुणाला मारली म्हणून.