शेजारच्या सीटचा ब्रेक

"या गाडीला ब्रेकची पेडलं दोन आहेत," तपासनीस खिडकीतून डोकं आत घालून म्हणाला.

"असायचीच. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे," शेजारच्या सीटवरून मास्तर म्हणाले. "एक शिकणाऱ्याचं, एक माझं."

"शर्यतीत कशाला लागतंय तुमचं?"

"ते काढलंत तर मी उतरतो."

मास्तर उतरले असते तर सगळंच बोंबललं असतं. नवशिक्यांच्या शर्यतीत शेजारी एक जाणकार बसलाच पाहिजे, असा इथला नियम. बाकी नियम थोडेच. गाडी घरचीच आणायची, हेल्मेट भाड्याने मिळायचं, आणि दहा फेऱ्या वीस मिनिटांत पुऱ्या करायच्या. ज्याच्या होतील त्याचं नाव पुढच्या शर्यतीला. राहतील त्याने ती गाडी भाजी आणायला वापरावी. तपासनिसाने नियमांचा कागद उलटसुलट करून पाहिला. ब्रेक दोन नसावेत असं त्यात कुठेच नव्हतं.

"राहू द्या हो," स्टिअरिंग धरून बसलेली मास्तरांची बायको म्हणाली. तिला पुढच्या शर्यतीत नाव हवं होतं. बाकी कशाशी तिला देणंघेणं नव्हतं.

मास्तरांनी चाळीस वर्षं गाडी शिकवली. आपल्या ब्रेकने निम्म्या शहराचा जीव वाचला, असं ते स्वतःच सांगत. उरलेलं निम्मं शहर पायी हिंडायचं, तेही त्याच ब्रेकने वाचलं. बायकोला मात्र त्यांनी शिकवलं नाही. "तुला नाही जमायचं," हे लग्नाच्या वर्षीच एकदा सांगून झालं होतं. ती शिकली त्यांच्याच एका चारदा नापास झालेल्या विद्यार्थिनीकडून.

झेंडा पडला. अठरा गाड्या सुटल्या. मास्तरांचीही सुटली, आणि पहिल्याच वळणावर इतकी हळू झाली, की रस्त्यात बसलेला कावळा उडायच्या भानगडीत न पडता चालत बाजूला झाला.

"अहो!"

"वेग होता."

"शर्यत आहे ही!"

"वळण होतं."

प्रत्येक फेरीत चार वळणं होती, आणि मास्तरांचा पाय एकही चुकला नाही. बेकरीवाला पाव पोचवायची गाडी घेऊन आला होता, तो दोनदा पुढे गेला. दुसऱ्यांदा त्याने हात हलवला. इंडिकेटर दिला नाही म्हणून मास्तरांनी त्याला बोटाने दटावलं.

सहावी फेरी संपली तेव्हा काठावरच्या घड्याळात चौदा मिनिटं झाली होती. चार फेऱ्या, सहा मिनिटं. बायकोने रस्त्यावरची नजर काढली नाही, आवाजही चढवला नाही.

"पाय वर घ्या."

"काय?"

"सीटवर. मांडी घालून बसा."

"अगं, पट्टे बांधलेत!"

"मग जरा ओढाताण होईल."

"आणि काही झालं म्हणजे?"

"माझ्याकडेही आहे की एक ब्रेक."

समोरचा सरळ रस्ता संपत आला. सीटवर बुटाचा पाय ठेवणाऱ्याला मास्तरांनी चाळीस वर्षांत कधी माफ केलं नव्हतं. पट्ट्यांत जमेल तेवढं वाकून त्यांनी नाड्या सोडल्या, बूट काढून हातात घेतले, आणि एकेक गुडघा वर ओढत मांडी घातली. वळण आलं. मोज्यांच्या आत त्यांची दहाही बोटं आवळली गेली.

गाडी वळली. कावळा या खेपेला उडाला.

आठव्या फेरीत तिने बेकरीवाल्याला गाठलं. व्यवस्थित इंडिकेटर दिला आणि पुढे गेली.

दहावी पुरी झाली तेव्हा नऊ सेकंद उरले होते. तपासनीस चालत आला, त्याने तिचं नाव वहीत लिहून घेतलं आणि पलीकडे वाकून पाहिलं. मास्तर मांडी घालून, बूट छातीशी धरून, डोळे गच्च मिटून बसले होते.

"मास्तर, थांबली गाडी. पुढच्या वेळी ते पेडल काढूनच या."

मास्तरांनी एक डोळा उघडला. बायकोकडे पाहिलं, मग खाली पेडलकडे.

"ते असू द्या," ते म्हणाले. "पुढच्या वेळी मी चपला घालून येतो."