किसनचा पिचर

माझ्या लेकीचं, रंजिताचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. शारजाच्या कामगार कॅम्पात आमच्या खोलीतला किसन दुबईला बेसबॉलच्या मैदानावर गवत राखायचा, आणि त्या खेळाने त्याला वेड लावलं होतं. एका रविवारी जेवण झाल्यावर त्याने नेहमीप्रमाणे आईला लावायला फोन हातात घेतला, तेवढ्यात मी म्हणालो, "काल तुमची टीम हरली म्हणे. तुझ्या त्या पिचरला चेंडू टाकता येतो का?"

"पिचिंग चांगलंच होतं, अण्णा. फिल्डिंगने घात केला. हातात आलेले चेंडू सोडले."

"दुसऱ्यावर खापर फोडू नको. आमच्या गावची पोरं बरी टाकतात त्याच्यापेक्षा."

त्याने फोन खाटेवर आपटला. "पिचर कोण आणि कॅचर कोण, एवढं तरी कळतं का तुम्हाला?"

मला कळत नव्हतं. तरी मी त्याच्या लाडक्या खेळाडूला नावं ठेवत राहिलो. खोलीतले बाकीचेही माझ्या बाजूने ओरडू लागले. किसनचा हात फोनकडे गेला की कुणीतरी नवं खुसपट काढायचं. शेवटी तो रागाने म्हणाला, "खलास. आजपासून तुमचं-माझं बोलणं बंद."

तेवढ्यात आमच्याच खोलीतला धनंजय कंपनीतून किसनचा पासपोर्ट आणि संध्याकाळचं तिकीट घेऊन दारात आला, आणि आमची खुसपटं तिथेच थांबली.

 

तिकीट हातात पडेपर्यंत त्याला कळू देऊ नका, असा सकाळीच किसनच्या गावाहून मला फोन आला होता. किसनची आई नर्मदा त्या रविवारी पहाटे वारली.