गाडी ओढत नाही

"सून मांगं बसली का गाडी ओढतच नाही गड्या," धर्मपालकाकांनी आर्णीच्या मेकॅनिकला सांगितलं. "एक्सलेटर कितीबी पिळा, दम सोडते." सुनेला, प्रियंकाला, रोज बँकेत सोडायचं काम त्यांच्याकडे होतं.

मेकॅनिकनं प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, एकट्यानं चक्कर मारून आणली. गाडी एकदम मस्त.

दुसऱ्या दिवशी दोघं गॅरेजवरून जाताना त्यानं नीट पाहिलं. सुनेला आपला धक्का लागू नये म्हणून काका सरकत सरकत पार टाकीला चिकटलेले, आणि दुमडलेला उजवा पाय थेट ब्रेकवर.

काका एकटे परतताना त्यानं त्यांना थांबवलं. "काका, जरा मांगं सरकून बसत जा. तुमी ब्रेक दाबूनच गाडी चालवून राह्यले."

मागं सरकायचं? सुनेकडं? काकांना ते काही जमणारं नव्हतं. घरी त्यांनी गुपचूप तिच्या हातात चावी दिली. "उद्यापासून तूच चालव बाई. मी मांगं बसतो न गाडी वापस आणतो."

दोन दिवसांनी मेकॅनिकला प्रियंकाचा फोन आला.


"दादा, मामाजी मांगं बसले का गाडी ओढतच नाही."