नागिणीवर लठ्ठ मेंढी

सापारदादाच्या कमरेला नागीण उठली. अंगावर सदरा सोसवेना, इतकी आग. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि दादाला त्या फार आवडल्या, कारण गोळ्यांना मेंढी कापावी लागत नव्हती.

पण गाव पडलं नारिनच्या डोंगरातलं, जुन्या उपायांवर भरवसा ठेवणारं. शेजारचा एर्मेक रोज उंबऱ्यात हजर. “दादा, मेंढीच्या ताज्या कातडीत गुंडाळून घ्या. आपले आजे-पणजे असेच बरे झाले. मेंढी मात्र लठ्ठ बघा.”

“कातडीला लठ्ठपणा कशाला रे?”

“सगळा गुण चरबीतच असतो ना!”

आठवडाभरात बायकोही एर्मेकच्या बाजूला गेली आणि कळपातली सगळ्यात गुबगुबीत मेंढी कापली गेली. घरात दादा गरम कातडीत बोंबलत होता, अंगणात एर्मेक नळी चोखत धीर देत होता, “सोसा दादा, गुण येतोय!” दादाने एक तुकडा मागितला, तर म्हणाला, “छे छे, आजाऱ्याला जड पडतं.”

नागीण गोळ्यांनी गेली, मान मात्र कातडीला मिळाला.

पुढच्या हिवाळ्यात एर्मेकच्या बरगडीवर तसेच फोड उठले. त्याने बायकोला दटावलं, “कुणाला कळू देऊ नकोस. गुपचूप जा आणि गोळ्या घेऊन ये.” तिने दार उघडलं, तर पायरीवर सापारदादा सुरीला धार लावत बसलेला.

“गोळ्या घे की रे एर्मेक, मी कुठं नको म्हणतोय? तुझी मेंढी तेवढी मी निवडून ठेवलीय.”